चाळीस दिवस दुकान तुमच्याविना चालेल काय?

व्यापारी व कारागीर बंधूंनो,

हजचा मोसम जवळ आला की आपल्या बाजारात दरवर्षी एक दृश्य दिसते. हजला निघालेला दुकानदार ओळखीच्यांची गळाभेट घेतो, कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतो, देणी चुकती करतो. शेवटी दुकानाच्या शटरवर एक कागद चिकटवतो, 'मालक हजला गेले आहेत, दुकान बंद राहील.' काही जण दुकान उघडे ठेवून जातात, पण मग मक्केत बसून दिवसातून दहा वेळा फोनवर भाव सांगत राहतात. अंग तिकडे आणि जीव गल्ल्यात, अशी त्यांची अवस्था होते.

हजची तारीख निदान आधी ठरलेली असते. आजारपण तारीख सांगून येत नाही आणि मृत्यू तर मुळीच नाही. म्हणून आजचा विषय घेतला आहे की, आपला धंदा आपल्याविना चालेल असा कसा उभा करावा?

मी कोणी चार्टर्ड अकाउंटंट नाही किंवा प्राध्यापक नाही. मालेगावात तीस वर्षांहून अधिक काळ कापडाचा धंदा करतो. सूत घ्यायचे, सायझिंगला बीम भरायचे, यंत्रमागधारकांकडून मजुरीवर विणून घ्यायचे आणि कोरे कापड पाली-बालोतऱ्याला पाठवायचे, हे माझे काम. शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजारात शिकलो. लिहिण्यात काही कमी-जास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. जे सांगतो ते ठेच खाऊन शिकलेले आहे.

अब्बांची लाल डायरी

माझ्या अब्बांचा इंतिकाल १९९८ साली झाला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. सकाळी त्यांनी स्वतः दुकान उघडले, दुपारी छातीत दुखू लागले आणि रात्री ते गेले. बाजारात त्यांची जबान म्हणजे हुंडी होती. शंभर पार्ट्यांची उधारी त्यांना तोंडपाठ असे. लोक कौतुक करीत आणि आम्हालाही त्याचा अभिमान वाटे.

चौथ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ त्यांची लाल डायरी घेऊन बसलो. तिच्यात 'टोपीवाला', 'पालीवाला छोटा', 'सायझिंग जुना' अशी नावे होती. पुढे आकडे होते, पण तारीख नव्हती. काही आकड्यांवर बरोबरची खूण, काहींवर फुली होती. ही खूण म्हणजे पैसे आले की माल गेला, हे सांगणारा माणूस कबरीत होता.

काही देणेकरी अल्लाहला भिऊन स्वतः आले आणि पैसे देऊन गेले. काहींनी 'तुमच्या वालिदांना दिले होते' असे सांगितले. खरे की खोटे, देव जाणे. काही जण आमच्याकडेच मागायला आले. त्यांचा आकडा आमच्या डायरीत सापडत नव्हता, पण अब्बांच्या डोक्यावर कर्ज राहू नये म्हणून आम्ही तेही दिले.

सर्वांत मोठी चूक पुढे झाली. आम्हाला दोन बहिणी. शरीअतप्रमाणे कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वसीयत आणि उरलेल्या मालमत्तेत वारसांचे हिस्से. अम्मीचा आठवा हिस्सा आणि बाकीच्यात भावाला दोन तर बहिणीला एक. हिस्से काढणे अवघड नव्हते. पण हिस्से कशाचे काढायचे? दुकानात माल किती, येणे किती, देणे किती, हे कोणालाच माहीत नव्हते. 'हिशेब लागला की देऊ' असे आम्ही म्हणालो. तो हिशेब लागायला अकरा वर्षे गेली. मधल्या काळात, २००३ साली, थोरल्या आपाचे यजमान आजारी पडले. तिला पैशांची गरज होती. तिने मागितले नाही आणि आम्ही दिले नाही. २००९ साली हिस्सा दिला तेव्हा ती बेवा झाली होती.

दुकान एका माणसाच्या डोक्यात असले की नुकसान केवळ दुकानाचे होत नाही, हे सांगण्यासाठी ही घरातली गोष्ट बाहेर सांगितली.

धंदा आणि धंदेवाला वेगळे

मालकाने स्वतः बसल्याशिवाय धंदा चालत नाही, असे आपल्यात मानले जाते. परंतु इतिहास वेगळे सांगतो. हजरत खदीजा (रजि.) मक्केच्या नामांकित व्यापारी होत्या. त्या स्वतः काफिल्याबरोबर शामला जात नसत. विश्वासू माणूस नेमून, नफ्याबाबत बोली करून माल पाठवीत. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन शामला गेले, तेव्हा खदीजा (रजि.) यांचा सेवक मैसरा सोबत होता आणि परतल्यावर त्याने प्रवासाची सर्व हकीकत त्यांना सांगितली. यात तीन गोष्टी दिसतात. लायक माणूस, आधी ठरलेली बोली आणि परत आल्यावर हकीकत. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची आणि नफा ठरल्याप्रमाणे, या पद्धतीला मुदारबत म्हणतात हे आपण जाणतोच.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. मालेगावहून धुळ्यामार्गे जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला जाता येते. तेथे १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. दुसऱ्याच वर्षी, १९४६ मध्ये, तिचे शेअर लोकांना विकले. १९६६ साली प्रेमजी अचानक वारले. त्यांचा मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होता. तो शिक्षण सोडून परत आला. हीच कंपनी पुढे विप्रो झाली.

या गोष्टीतला मुलाचा पराक्रम सगळे सांगतात. मी बापाच्या कामाकडे लक्ष वेधतो. मुलगा सातासमुद्रापार होता, तरी तो परत आला तेव्हा सांभाळायला काहीतरी जागेवर होते. कायद्याने कंपनी हीच मालक होती, तिचे भागधारक होते, संचालक होते आणि हिशेब कागदावर होता. मालक गेला, पण कंपनी गेली नाही. आम्हा भावांना वारशात लाल डायरी मिळाली, एवढाच फरक. आपण सारे विप्रो होणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण पन्नास मागांचा कारखाना, बेकरी, फर्निचरचे दुकान किंवा शिलाईचा कारखाना याच तत्त्वावर उभा करता येतो.

त्यासाठी काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिले काम : डोक्यातले कागदावर

पवित्र कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तरीही आपल्यात 'लिहून घेतो म्हणजे माझ्यावर भरोसा नाही काय?' असे विचारणारे कमी नाहीत. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. दोघांपैकी एक जण उद्या नसला तर मागे राहिलेल्यांची भांडणे होऊ नयेत, म्हणून लिहायचे.

कोणी म्हणेल, कोऱ्या कापडाचा भाव सुताबरोबर रोज हलतो, तो कसा लिहिणार? भाव लिहू नका. भाव काढायची रीत लिहा. समजा, एका मीटरला सूत १८ रुपये, सायझिंग २, विणाई मजुरी ४, दलाली व भाडे १, असा २५ रुपये खर्च आला. आता नियम असा की, २६ रुपयांना मुनीमजी स्वतः सौदा करतील. २५ रुपये ५० पैशांपर्यंत जायचे असेल तर माझ्या भावाला विचारतील. त्याखाली मला विचारल्याशिवाय सौदा होणार नाही. सूत महाग झाले की १८ च्या जागी नवा आकडा येईल. रीत तीच राहील.

अशाच रीतीने पुढील पाच याद्या कराव्यात.

१. येणे : पार्टीचे पूर्ण नाव, गाव, बिलाची तारीख, रक्कम, मुदत.
२. देणे : सूतवाला, सायझिंगवाला, मजुरी, भाडे, उसने. उसने घेतलेले तर आवर्जून लिहावे, कारण ते घरातही कोणाला माहीत नसते.
३. माल : गोदामात किती, कोणत्या मागवाल्याकडे किती सूत व किती बीम, रंगाईला किती तागे.
४. माणसे : कोणत्या कामाला कोणाला बोलवायचे, कोणता दलाल कोणत्या मालाचा.
५. तारखा : विजेचे बिल, भाडे, जीएसटीचा परतावा, विम्याचा हप्ता.

जकात काढणाऱ्याला वर्षातून एकदा मालाचा आणि येण्या-देण्याचा हिशेब तसाही करावा लागतो. तोच हिशेब अंदाजाने न करता मोजून केला आणि जपून ठेवला, तर अर्धे काम झाले.

दुसरे काम : अधिकाराची हद्द

मी २०१४ साली हजला गेलो. अब्बांच्या वेळचा धडा घेऊन वह्या नीट केल्या होत्या. मुनीमजी जुने आणि इमानदार होते. मला वाटले, आता काळजी नाही. पण एक गोष्ट विसरलो होतो. मुनीमजींना सर्व माहीत होते, पण करायचा अधिकार कशाचाच नव्हता. एक जुनी पार्टी मीटरमागे पंचवीस पैसे कमी मागत होती. मी तवाफला गेलेलो आणि फोन खोलीत. मुनीमजी 'सेठना विचारतो' म्हणत राहिले आणि सौदा दुसरीकडे गेला. सूतवाल्याचा चेक द्यायचा होता, सही करणारा मक्केत. त्याने पुढचे सूत रोखले आणि आमचे माग आठ दिवस उभे राहिले. ज्या विणकरांची त्या आठवड्याची मजुरी बुडाली, त्यांची काय चूक होती?

माहिती दिली आणि अधिकार दिला नाही, तर माणूस केवळ निरोप्या होतो. म्हणून प्रत्येकाची हद्द आकड्यात ठरवावी. मुनीम किती रुपयांपर्यंत खर्च करील? कोणत्या पार्टीला किती लाखांपर्यंत आणि किती दिवसांची उधारी देईल? खराब तागा परत आला तर किती सूट देईल? हद्दीच्या आत चूक झाली तर त्याला चारचौघांत बोलू नये. एकदा बोललात की तो पुन्हा प्रत्येक गोष्ट विचारू लागेल आणि आपण होतो तेथेच येऊ.

बँकेच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. प्रवासाला निघताना कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवण्याची सवय आपल्यात आहे. हे कधीही करू नका. चेक हरवला किंवा चुकीच्या हाती पडला तर तुमची सही तुमच्याच विरुद्ध उभी राहते. त्याऐवजी बँकेत रीतसर अर्ज करून भाऊ, मुलगा, मुलगी किंवा पत्नी यांना सहीचा अधिकार द्यावा.

तिसरे काम : तपासणी

येथे बहुतेकांची गाडी अडते. 'दुसऱ्याच्या हाती गल्ला दिला तर तो खाईल' ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे. हिशेबनिसांचा जुना नियम आहे की, पैसे घेणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस नसावा. माल काढून देणारा आणि बिल करणारा एकच नसावा. दोन हात वेगळे केले की चोरीला दोघांची मिळवणी लागते आणि चूकही लवकर सापडते.

लहान दुकानात एवढी माणसे कोठून आणायची? घरातली माणसे आहेत. माझी धाकटी मुलगी बी.कॉम. झाली आहे. ती बाजारात बसत नाही, पण रात्री रोजमेळ तिच्यासमोर येतो. रोकड, बँक आणि बिले यांचा मेळ ती घालते. मेळ बसत नसेल तर सकाळी प्रथम तिच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. मुनीमजींना आणि मलाही.

आमची पद्धत अशी आहे. रोज रोकड मेळ. आठवड्यातून एकदा उधारीची यादी वाचायची. दर आठवड्याला गोदामातली एक थप्पी मोजायची, पुढच्या आठवड्याला दुसरी, म्हणजे वर्षअखेर सगळा माल एका दिवशी मोजण्याची आफत येत नाही. दर सहा महिन्यांनी प्रत्येक पार्टीला पत्र जाते की, आमच्या वहीप्रमाणे आपल्याकडे एवढे येणे आहे, बरोबर असल्यास सही करून पाठवावे. हे एक पत्र अब्बांनी पाठवले असते तर आमची अकरा वर्षे वाचली असती.

तपासणी सर्वांची सारखी असावी. फक्त नोकराची तपासणी आणि भाच्याला सूट, असे झाले की इमानदार नोकराचे मन उतरते.

चौथे काम : मालकाचा पगार

आपण गल्ल्यातून घरखर्च काढतो आणि उरते त्याला नफा म्हणतो. हा हिशेब फसवा आहे. समजा, दुकानातून महिन्याला ६० हजार उरतात. तुम्ही करता ते काम करायला माणूस ठेवला तर तो २५ हजार घेईल. जागा स्वतःची आहे, ती भाड्याने दिली तर १० हजार येतील. म्हणजे धंद्याची खरी कमाई २५ हजार. बाकी तुमची मजुरी आणि जागेचे भाडे आहे.

हे आकडे मांडल्यावर काहींच्या हाती शून्य येईल, काहींच्या उणे. त्यांनी निराश होऊ नये, पण खरे ओळखावे. ज्या धंद्याला बदली माणसाचा पगार झेपत नाही, तो मालकाविना चालू शकत नाही. तेथे आधी काम वाढवावे, खर्च कमी करावा किंवा भाव सुधारावा. प्रत्येक दुकान असे होईलच, असे मी म्हणत नाही. पण आपले दुकान धंदा आहे की नोकरी, हे माहीत असले पाहिजे. मालकाने स्वतःचा पगार ठरवून पहिल्या तारखेला तेवढाच घ्यावा. घर आणि दुकान यांच्यात ही भिंत उभी राहिली की बाकीचे हिशेब आपोआप स्वच्छ होतात.

कारागिरांसाठी चार शब्द

कारागीर म्हणेल, आमचा हुन्नर हातात आहे, तो कागदावर कसा उतरेल? पूर्ण उतरणार नाही, पण बराचसा उतरतो. बेकरीवाल्याने 'अंदाजाने' टाकायचे बंद करून मैदा, साखर, तूप वजनाने लिहावे आणि भट्टीची वेळ घड्याळाने मोजावी. शिलाईच्या उस्तादाने प्रत्येक नगाचा पुठ्ठ्याचा फर्मा कापून त्यावर माप लिहावे आणि गिऱ्हाइकाचे माप सुट्या चिठ्ठीवर न घेता वहीत घ्यावे. सुताराने प्रत्येक नमुन्याची लाकूड-कटाईची यादी करावी. जरीकाम करणाऱ्याने नमुन्याचा तुकडा जपून त्याच्याबरोबर धागा, मणी आणि लागलेले तास लिहून ठेवावेत. मग उस्तादाचा हात फक्त कठीण कामाला लागेल, सोपे काम शागिर्द करतील.

'शागिर्द शिकला की समोरच दुकान लावतो' ही तक्रार मीही केली आहे. माझा एक माणूस गेला आणि तीन पार्ट्या घेऊन गेला. नंतर विचार केला तेव्हा दिसले की, दहा वर्षे तो त्याच पगारावर होता. आता मुनीमजींना पगाराशिवाय वर्षाच्या नफ्यात ठरलेला हिस्सा आहे आणि तो कागदावर लिहिलेला आहे. दुसरा नियम असा की, प्रत्येक काम किमान दोघांना यावे. जाणारा जाईल, पण काम थांबणार नाही. हुन्नर लपवून ठेवणाऱ्या उस्तादाचे दुकान त्याच्याबरोबरच बंद होते, हे आपण आपल्या गल्लीत पाहिलेच आहे.

कायद्याची बाजू

एकट्याच्या नावावरचा धंदा कायद्याने त्या माणसापासून वेगळा नसतो. जीएसटीची नोंदणी त्याच्या पॅनवर असते. तो वारला तर धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाला स्वतःची नोंदणी घ्यावी लागते. जुन्या खात्यात शिल्लक राहिलेली कराची वजावट नव्या नोंदणीकडे वळवण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी कागद नीट हवेत. मुखत्यारपत्रही सर्वसाधारणपणे देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. म्हणून 'मुलाला मुखत्यारपत्र दिले आहे' एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. मात्र करारात वेगळे लिहिले असेल तर चालू राहते. आपली भागीदारीची दस्तऐवज आजच काढून ते कलम आहे की नाही ते पाहा. भागीदार दोनच असतील तर वारसाला भागीदार करून घेण्याची तरतूदही हवी, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. काम मोठे असेल तर २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा खासगी कंपनी यांचा विचार करावा. तेथे भागीदार किंवा भागधारक गेला तरी संस्था राहते. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते आणि त्याने आपल्या मागे कोण, हे नाव आधीच द्यावे लागते. कोणता मार्ग आपल्याला सोयीचा, हे आपल्या सल्लागाराला विचारून ठरवावे.

बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे तो माणूस मालक झाला, हा गैरसमज आहे. नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचाच असतो. त्याच्या हातातली ती अमानत आहे.

आणखी एक गोष्ट. मालकी आणि कारभार वेगळे करता येतात. दुकानात न बसणारी मुलगीही हिस्सेदार असू शकते. कारभार पाहणाऱ्या भावाने आपला पगार घ्यावा आणि नफा हिश्श्याप्रमाणे वाटावा. पण ताळेबंद असेल तरच हे शक्य आहे. ज्या घरात ताळेबंद नाही, तेथे बहिणीला 'हिस्सा नको, माहेर राहू दे' असे म्हणायला भाग पाडले जाते.

कसोटी

सारे केल्यावर परीक्षा घ्यावी. एकदम चाळीस दिवस नकोत. प्रथम एक दिवस दुकानात जाऊ नये आणि फोनही घेऊ नये. आगीसारखी आफत सोडून कोणी फोन करायचा नाही, असे सांगून ठेवावे. दुसऱ्या दिवशी जे जे अडले त्याची यादी करावी. ती यादी म्हणजेच तुमच्या डोक्यात राहून गेलेला धंदा. तो कागदावर उतरवावा. पुढच्या महिन्यात तीन दिवस, मग दहा दिवस. प्रत्येक वेळी यादी लहान होत जाईल. माझी पहिल्या दिवसाची यादी सतरा कलमांची होती. त्यात तिजोरीची दुसरी किल्ली कोठे आहे, हेसुद्धा होते.

दहा दिवस निभावले की चाळीस दिवस जड जात नाहीत. गेल्या वर्षी माझे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि मी पाच आठवडे घरी होतो. एका पार्टीला हद्दीपेक्षा जास्त उधारी गेली, दोन तागे मोजणीत कमी भरले. पण माग एक दिवसही उभे राहिले नाहीत आणि विणकरांची मजुरी दर आठवड्याला वेळेवर गेली.

परवा थोरली आपा घरी आली होती. मुलगी रोजमेळ घालत होती. आपाने विचारले, 'यात काय लिहितेस गं रोज?' मुलगी म्हणाली, 'फुफी, आज अब्बांच्या दुकानात कोणाचा किती हक्क आहे, ते यात आहे.' आपा काही बोलली नाही. तिने वही हातात घेतली, दोन-चार पाने उलटून पाहिली आणि परत दिली.

बंधूंनो, आज रात्री इशानंतर एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर येणे लिहा, दुसऱ्यावर देणे. पूर्ण नावानिशी आणि तारखेनिशी. मग ती वही कोठे ठेवली आहे, ते घरात एका माणसाला सांगा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.